तेरा नंबरचा उजेड

फिल्मच्या लॅबमधली एक गोष्ट नवख्या माणसाला काही केल्या पटत नाही. निगेटिव्हवरून कॉपी छापताना जितका जास्त उजेड द्यावा, तितकं चित्र काळं उमटतं. उजेड कमी दिला की चित्र उजळ. हे ऐकून पाहुणे हसायचे, मालकाचे जावई तर म्हणाले होते, "आत्या, उलटं सांगताय." त्यावर आत्या म्हणाली, "उलटं आहे म्हणून तर मला ठेवलंय. सरळ असतं तर तुम्हीच नसतं केलं?"

आत्या म्हणजे लॅबमधली ग्रेडर. सिनेमातल्या एकेका शॉटला किती उजेड द्यायचा, हे ठरवणारी बाई. एक ते बावीस असे उजेडाचे नंबर असत. प्रत्येक शॉट भिंगाखाली बघायचा, नंबर ठरवायचा, पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहायचा, आणि कार्ड छपाईच्या मशीनवर पाठवायचं. तिच्या भावाची मुलगी त्याच लॅबच्या ऑफिसात टायपिस्ट होती. ती 'आत्या' म्हणायची, म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले. सत्तरीचे मालकसुद्धा. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस आपल्याला आत्या म्हणतो, याचं तिला पहिली दोन वर्षं हसू यायचं, मग सवय झाली. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्या बाईला बघायला कोण येणार? आणि आला तरी त्याला दिसणार काय?"

तिची खोली जेमतेम दोन खाटा मावतील एवढी. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, दोन्ही बाजूंना रीळ गुंडाळायची चाकं, भिंतीला टेकून डब्यांची चळत, आणि हातांना कितीही साबण लावला तरी न जाणारा, फिल्म धुण्याच्या हायपोचा आंबूस वास. खोलीत दोन कायदे होते. पहिला: 'नंबर कॅमेरामनचा, हात आपला.' पहिल्या कॉपीचे नंबर ग्रेडर लावणार, पण ती बघून कॅमेरामन सांगेल तो नंबर शेवटचा, ग्रेडरनं आपली अक्कल पाजळायची नाही. हाताखालच्या एका हुशार मुलीनं एकदा न विचारता एकच नंबर बदलला होता, तर आत्यानं तिला अशी फैलावर घेतली होती की ती बिचारी आठवडाभर मान वर करून बोलली नाही. दुसरा कायदा: कॅमेरामनचं कार्ड शाईनं, ग्रेडरचं पेन्सिलनं. कॉपी पास झाली की शाईचं कार्ड कपाटात जाई आणि पेन्सिलचं फाडून टोपलीत. ग्रेडरचं अक्षर मागे राहता कामा नये, अशी जुनी रीत.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मात्र आत्याचं स्वतःचं असं काहीतरी होतं. छायालेखनाच्या बक्षिसांची यादी. सिनेमावाल्यांची संघटना दरवर्षी बक्षिसं द्यायची, आणि आत्या दरवर्षी एक चिठ्ठी चिकटवायची.

त्या चिठ्ठ्या वरून खाली वाचल्या की सगळा इतिहास कळायचा. सुरुवातीला छायालेखनाचं बक्षीस एकच. सगळे सिनेमे कृष्णधवलच, त्यामुळे 'कृष्णधवल' हा शब्दच कुणी वापरायचं नाही, ओलं पाणी कोण म्हणतं? मग रंग आला. पहिल्याच वर्षी एका रंगीत सिनेमानं सगळ्यांवर कडी केली आणि बक्षीस नेलं. त्यात म्हणे सूर्यफुलांचं शेत होतं, बास, परीक्षक गार! कृष्णधवलवाले खवळले. बावीस कॅमेरामननी सह्या करून पत्र पाठवलं, की शिंपी आणि सुतार यांना एका तराजूत तोलू नका. पुढच्या वर्षापासून दोन बक्षिसं झाली. बक्षीस म्हणजे दगडी बैठकीवर पितळी भिंग. रंगीताची बैठक पांढरी, कृष्णधवलाची काळी. मध्ये एक वर्ष कमिटीला काय सुचलं कुणास ठाऊक, दोन्ही एक करून टाकली, आणि पुढच्याच वर्षी मुकाट्याने परत वेगळी केली.

सगळ्यात गाजलं ते अर्ध्या रंगाचं प्रकरण. एक सिनेमा सगळा कृष्णधवल, पण नायकाला पडलेलं स्वप्न तेवढं रंगीत. हा कुठे घालायचा? कमिटी दुपारभर भांडली. शेवटी कुणीतरी टेप आणली आणि रंगीत तुकडा फुटांनी मोजला. नऊशे दहा फूट निघाला. हजाराच्या आत, म्हणून कृष्णधवल! आणि त्यालाच बक्षीस. त्या वर्षी ज्याचं हुकलं ते मास्तर.

मास्तर म्हणजे कॅमेरामन. तरुणपणी शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून मास्तर. बारीक अंगाचे, तिरसट, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. सेटवर दिव्याची जागा खडूनं आखायचे. सहा वेळा त्यांचं नाव बक्षिसाच्या यादीत लागलं आणि सहाही वेळा दुसऱ्यानं नेलं. "मी म्हणजे लग्नघरातला आचारी," ते म्हणायचे, "सगळीकडे हजर, फोटोत कुठेच नाही." हसत म्हणायचे, पण आत्याला ते हसू ओळखू यायचं.

तीस वर्षं आत्यानं मास्तरांच्या सावल्या छापल्या. मास्तरांना काळं खोल लागायचं. बाकीचे कॅमेरामन अकरावर थांबत, मास्तर तेरावर सुरू होत. लॅबमध्ये म्हणच पडली होती, 'मास्तरांचा तेरा'. निर्माते ओरडायचे, अहो नटीचं तोंड दिसू दे! मास्तर म्हणायचे, "तोंड बघायचं असेल तर तिच्या घरी जा. इथे तिचं दुःख बघा."

आणि मग ते वर्ष आलं. कमिटीचं छापील पत्रक लॅबच्या फळ्यावर लागलं: यंदा कृष्णधवल सिनेमे तीनच आले आहेत, सबब पुढील वर्षापासून छायालेखनाचं बक्षीस पुन्हा एकच राहील. दोन ओळी. वीस वर्षांचं दुकान दोन ओळींत बंद! आत्यानं पत्रक दोनदा वाचलं. तीनांतला एक सिनेमा मास्तरांचा होता. शाळेत घंटा वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिपायाची गोष्ट. ही सातवी वेळ, आणि आता आठवी येणार नव्हती. पुढच्या वर्षी रंगाच्या शर्यतीत असल्या शिपायाची घंटा कोण ऐकणार?

परीक्षकांना दाखवायची कॉपी गुरुवारी जायची होती. सोमवारी मास्तर पहिली कॉपी बघायला लॅबच्या छोट्या थिएटरात आले. नेहमी सातव्या रांगेत बसणारा माणूस दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. पाच मिनिटांत ओरडले, "लेन्स पुसा रे!" ऑपरेटरनं पुसली. पुन्हा दहा मिनिटांनी, "पडदा कधी धुतलाय? धूर चढलाय सगळा." ऑपरेटर आत्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, "परवाच धुतलाय हो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय." आत्या हसली नाही. पडदा धुताना ती स्वतः शिडी धरून उभी होती.

चित्र संपलं. मास्तर म्हणाले, "आत्या, फार काळं झालंय. सगळं दोन नंबर खाली उतरवा."

"सगळं?"

"सगळं. मला काही दिसतच नाहीये."

मग ते आत्याच्या खोलीत बसले आणि शाईनं कार्डं लिहिली. तेराच्या जागी अकरा, चौदाच्या जागी बारा. चारशे बारा शॉट. लिहिताना कागद नाकाला लागत होता. जाताना भाचीनं चहा आणला तर त्यांचा हात कपाच्या दोन बोटं अलीकडे पडला. आत्यानं कप त्यांच्या हाताखाली सरकवला. डोळ्यांच्या बाहुल्यांवर ढगाळ पांढुरकं काहीतरी होतं. आंधळ्यालासुद्धा दिसावं इतकं स्पष्ट, आणि महिनोन्‌महिने कुणाला दिसलं नव्हतं, कारण मास्तर मुळातच तिरसट. तिरसट माणसाचा हा एक फायदा, त्याचं काही बिघडलंय हे चटकन कळत नाही.

घरी भाजी निवडता निवडता तिनं भाचीला सगळं सांगितलं.

"मग सरळ सांग ना त्यांना," भाची म्हणाली.

"काय सांगू? कॅमेरामनला मोतीबिंदू झालाय हे एकदा बाहेर फुटलं की त्याला कोण काम देतंय? म्हणून तर माणूस लपवतोय."

"मग ते म्हणतात तसं छापून टाक. नंबर कॅमेरामनचा, हात आपला. तूच म्हणतेस."

"छापलं तर सिनेमा धुतलेल्या चादरीसारखा दिसेल गं! त्यांना धूसर दिसतंय म्हणून ते उजळ मागताहेत. परीक्षकांचे डोळे धड आहेत. शेवटचं वर्ष, आणि माणूस आपल्याच हातानं..." तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

"आत्या, एक विचारू? तुला बक्षिसाचं वाईट वाटतंय की डोळ्यांचं?"

आत्या पुन्हा भाजी निवडायला लागली. पण उत्तर तिला माहीत होतं. पितळी भिंग काय, आज आहे, उद्या धूळ खाईल. पण ज्या नजरेच्या मागे मागे ती तीस वर्षं चालली, ती नजरच विझली असेल तर मग आता कुणाच्या मागे चालायचं?

मंगळवारी सकाळी तिनं खोलीचं दार लावलं, मास्तरांची शाईची कार्डं एका बाजूला ठेवली आणि कोरी कार्डं घेतली. पहिल्या कॉपीचे तिचे नंबर कच्चेच होते, मास्तर ते बघून सुधारतील या भरवशावर लावलेले. एकेक शॉट भिंगाखाली घ्यायची आणि स्वतःला विचारायची, पाच वर्षांपूर्वीचे मास्तर इथे काय म्हणाले असते? आणि ऐकू यायचं. अगदी आवाजासकट. 'तेरा. चौदा. इथे साडेतेरा असता तर बरं झालं असतं, पण तुमच्या मशीनला अर्धा कळत नाही, तेरा लावा.' ती लिहीत गेली. एकाच ठिकाणी अडली. सहाव्या रिळात, म्हातारा शिपाई रिकाम्या वर्गाच्या दारात उभा असतो, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. बारा की तेरा? तिथे मास्तरांचा आवाज येईना. तिनं तीनदा भिंग लावलं, बारा लिहिलं, खोडलं, तेरा लिहिलं. तिथला कागद खरबरीत झाला.

बुधवारी कॉपी तिच्या नंबरांवर छापली गेली. गुरुवारी डबे गेले. तीस वर्षांत प्रथमच तिनं कॅमेरामनचा शब्द मोडला होता, आणि न विचारता नंबर बदलणाऱ्या त्या हुशार मुलीची तिला फार आठवण आली.

मास्तरांना बक्षीस मिळालं.

समारंभ दुपारचा होता. लॅबला मागच्या रांगेचे दोन पास, आत्या आणि भाची. इतक्या वर्षांत आत्यानं स्टेजवरून आईचे, देवाचे, निर्मात्याचे आभार ऐकले होते. एका विजेत्यानं तर चित्रातल्या खेचराचेही मानले होते. लॅबचे कुणी मानले नव्हते, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती. मास्तरांचं नाव पुकारलं तेव्हा तिनं भाचीचा हात इतका दाबला की पोरगी कळवळली. अध्यक्षांनी परीक्षकांचा अभिप्राय वाचून दाखवला: 'या छायालेखकानं काळोखाला घाबरायचं नाकारलं. इतका गडद आणि इतका बोलका पडदा आम्ही पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.' टाळ्या पडल्या. मास्तर पायरी चाचपत वर चढले. काळ्या बैठकीचं शेवटचं भिंग हातात घेतलं. पण 'गडद' हा शब्द ऐकून त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, ती मागच्या रांगेतूनही आत्याला दिसली. ते फक्त "आभारी आहे" म्हणाले आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी दहाला ते तिच्या खोलीत उभे. हातात पिशवी.

"मी उजळ मागितलं होतं. हे गडद गडद काय म्हणत होते?"

आत्यानं दार लावून घेतलं. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं होतं, रात्री सगळं जुळवूनही ठेवलं होतं. पण समोर ते ढगाळ डोळे, नेमके तिच्या चेहऱ्याच्या थोडे बाजूला बघणारे. तिला रडूच आलं.

"मास्तर, तुमचे डोळे दाखवा कुणालातरी."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या नंबरांनी. परीक्षकांकडे गेलेली कॉपी मी माझ्या कार्डावर छापली. तुमचं नाही ऐकलं."

मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे बक्षीस तुमचं."

"असं नका बोलू. मी तुमचंच ऐकलं. तीस वर्षांचं ऐकलं, फक्त त्या सोमवारचं नाही."

मास्तरांनी पिशवीतून बक्षिसाचं भिंग काढलं, चाचपून टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते अगदी हळू ओढून घेतलं.

आत्यानं ते भिंग परत पाठवलं, ते परत आलं. मग तिनं ते डब्यांच्या चळतीवर ठेवलं आणि वरून पुसायचं फडकं टाकलं. पेन्सिलची कार्डं फाडायला घेतली, पण हात होईना, म्हणून खणात टाकली. तीन महिने मास्तरांचा पत्ता नव्हता. कुणी म्हणे, ऑपरेशन झालं. कुणी म्हणे, झालं पण फसलं. आत्या ऐकायची आणि नवे रंगीत सिनेमे छापायची. कपाटाच्या दारावर त्या वर्षाची चिठ्ठी तिनं लावलीच नाही. भाचीनं एकदा विचारलं, "पस्तावलीस का गं?" तर म्हणाली, "छापल्याचं नाही. सांगितल्याचंही नाही. एकट्याला जाऊ दिलं त्याचं."

आणि एका दुपारी खोलीचं दार न वाजवता उघडलं. मास्तर. नाकावर बशीएवढा जाड चष्मा, त्यामागे दोन मोठे मोठे डोळे, घुबडासारखे. आत्याला हसावं की रडावं कळेना.

"कार्डं कुठायत?"

"कसली?"

"तुमची. पेन्सिलची. फाडली नाहीत, मला माहितीय. आणि निगेटिव्ह आणवा."

ते तीन दुपारी तिच्या टेबलाशी बसले. एकेक शॉट भिंगाखाली घेत, कार्डावरचा तिचा नंबर बघत, मान हलवत, पुढे जात. आत्या शेजारच्या स्टुलावर, परीक्षेला बसल्यासारखी. पहिल्या दिवशी तीन रिळं, दुसऱ्या दिवशी दोन. 'बरोबर' नाही, 'चूक' नाही. बाई मनातल्या मनात रामरक्षा म्हणायची तेवढी बाकी होती.

तिसऱ्या दुपारी सहावं रीळ लागलं. शिपाई दारात आला तसे मास्तर थांबले. भिंग लावलं. काढलं. चष्मा पुसला, पुन्हा लावलं. मग कार्डाकडे बघून कडाडले, "आत्या! हे काय करून ठेवलंत?"

"काय झालं?"

"तेरा? इथे तेरा? अहो, अंधारातल्या बाजूला त्याचा डोळा ठेवलाय मी! एवढासा चमकतो. तो चमकतो म्हणून तर कळतं की म्हातारा रडत नाहीये, बघतोय. तेरावर तो बुडाला. बारा पाहिजे होता, बारा! कळत नव्हतं तर विचारायचं नाही का?"

आत्या बघतच राहिली. त्याच एका जागी ती अडली होती. चारशे बारा शॉटमधली नेमकी तीच जागा, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. तिनं भिंगाला डोळा लावला. निगेटिव्हवर अंधारातली बाजू उलटी, पांढरी होती, आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढा तो काळा ठिपका होता. तीनदा बघून तिला दिसला नव्हता, आणि बशीएवढ्या चष्म्यातून मास्तरांना दिसला होता.

तिच्या जिवात जीव आला. खरडपट्टी काढून घेणं तिला जन्मात कधी इतकं गोड लागलं नव्हतं. "चुकलंच माझं," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला फडकं शोधू लागली. फडकं डब्यांच्या चळतीवर होतं. ते ओढलं तसं खालचं पितळी भिंग उघडं पडलं.

मास्तरांनी उरलेली रिळं संपवली. संध्याकाळ होत आली होती. मग उठले, पितळी भिंग उचललं, आपल्या पिशवीत घातलं.

"चारशे अकरा माझे आहेत," ते म्हणाले. "हा एक तुमचा. तेव्हा बक्षीस मी नेतो."

"न्या की," आत्या म्हणाली. "कधीचं धूळ खातंय."

ते दारापर्यंत गेले, आणि खिशातला खडू काढून कपाटाच्या उघड्या दारावर, चिठ्ठ्यांच्या खाली, त्या वर्षाची ओळ त्यांनीच लिहिली. सिनेमाचं नाव, स्वतःचं नाव, आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'आत्या'. लिहिताना या वेळी त्यांचं नाक दाराला लागलं नाही.

ते गेल्यावर आत्यानं रबर घेतलं, तेरा खोडून बारा केलं, आणि सहावं रीळ पुन्हा छापायला पाठवलं.